खंडेनवमीचं पिस्तूल

हे मकरंदला माहीत नाही. सासूबाई त्या दिवशी घरातच होत्या, पण पुढचं त्यांनाही माहीत नाही. आणि ज्याला कळायला हवं होतं, त्याच्याशी मी गेल्या महिन्यात फोनवर चांगला अर्धा तास बोलले — तरी नाही सांगितलं. म्हणजे आजवर कुणालाच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, उद्या टेस्कोत भाजी घेताना समोर आलात तरी मला कळणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

विषय पिस्तुलाचा आहे. दचकू नका, कुणी मेलेलं नाही. खरं, काडतुसाचं पिस्तूल इंग्लंडमध्ये साध्या माणसाला मिळतच नाही. मी म्हणतेय ते हवेवर चालणारं, कागदी टार्गेटवर दहा मीटरवरून मारायचं. एकदा लीव्हर ओढून बंद केला की एका छऱ्यापुरती हवा भरते. मारा, परत भरा, परत मारा. नॉटिंगहॅमला एका जुन्या हॉलमध्ये आमचा क्लब भरतो, दर सोमवारी संध्याकाळी. सगळे रिटायर्ड लोक, बिस्किटं आणि चहा. त्यात मी एकटी पुण्याची, चौपन्न वर्षांची, सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि सोमवारी संध्याकाळी कागदाला भोकं पाडायची, असा माझा कार्यक्रम.

इथल्या महाराष्ट्र मंडळात आता मला या बाबतीत मान आहे. कुणाला पहिलं पिस्तूल घ्यायचं असलं की माझ्याकडे पाठवतात. 'वैशालीला विचारा, ती सांगेल.' वैशाली म्हणजे मी. आणि मी सांगते! बजेट मध्यम असेल — म्हणजे एका बऱ्या वॉशिंग मशिनएवढं — तर नव्याच्या नादी लागू नका. नवं मिळेल ते खेळण्यातलं मिळेल. जुनं, पण मॅचचं, म्हणजे स्पर्धेत वापरतात तसलं घ्या. आधी ग्रिप बघा, मूठ हातात बसली पाहिजे, बाकी सगळं नंतर. ट्रिगर हलका आहे का बघा. नळी आतून बघा, दिव्यासमोर धरून. आणि शक्य असेल तर पंधरा दिवस वापरून बघायला मागा. नळी आतून बघायला सांगताना माझा आवाज जरासुद्धा हलत नाही. इतकी मी तयार झालेय.

ही अक्कल मला दिली जेफ्रीने. जेफ्री म्हणजे क्लबातला सगळ्यात जुना माणूस, तेव्हा, आठ वर्षांपूर्वी, अठ्ठ्याहत्तरचा. रेल्वेत नोकरी केलेला, सडसडीत, बोलणं अगदी कमी. कुणाचं कौतुक केलं तर 'नॉट बॅड' म्हणायचा, आणि ते मिळवायला मी सहा-सहा आठवडे खपायचे. हसू येतं आता. ऑफिसात प्रमोशन मिळालं तेव्हा मला जेवढं बरं वाटलं नव्हतं तेवढं त्याच्या एका 'नॉट बॅड'ने वाटायचं. मला वडील लवकर गेले म्हणून असेल, असं मकरंद म्हणतो. असेल. पण ते इथे कारण म्हणून नको धरायला.

मी वर्षभर क्लबचं पिस्तूल वापरत होते. मग स्वतःचं घ्यायचं ठरवलं आणि बजेट सांगून जेफ्रीच्या मागे लागले. त्याने मला दोन दुकानांत पाठवलं, इंटरनेटवर पाच-सहा दाखवली, प्रत्येकात काहीतरी खोट काढली. आणि मग एका सोमवारी स्वतःचीच पेटी माझ्यासमोर ठेवली. हात थरथरायला लागले होते त्याचे. त्यामुळे स्कोअर घसरत होता आणि ते त्याला सहन होत नव्हतं. वीसेक वर्षं वापरलेलं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, त्याच्या घामाने काळी पडलेली. माझ्या हातात बसलं तर माझ्या बजेटात देईन म्हणाला. पंधरा दिवस ने, वापरून बघ. हे पिस्तूल त्याने आधी कुणालाच दिलं नव्हतं, स्वतःच्या मुलालासुद्धा.

आता संदीपबद्दल सांगायला हवं. संदीप नागपूरचा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, एका बँकेच्या प्रोजेक्टवर कॉन्ट्रॅक्टमध्ये आलेला. बायको आणि लहान मुलगी तिकडेच, त्यांच्या व्हिसाचं काहीतरी अडलं होतं. गावाबाहेर बीस्टनला एका खोलीत राहायचा. मंडळाच्या गणपतीत भेटला, जेवण झाल्यावर सगळ्यांच्या खुर्च्या उचलत होता, कुणी सांगितलेलं नसताना. मला ताई म्हणायला लागला. मीच त्याला म्हटलं, घरी बसून काय करतोस, चल क्लबला. आला, आणि त्याला ते फारच आवडलं. मारायला तो यथातथाच होता. पण पिस्तुलं साफ करायला त्याला आवडायचं. तासन्‌तास ब्रश घेऊन बसायचा, आणि तेवढ्या वेळात त्याच्या तोंडावर जी शांतता यायची ती मी त्याच्या तोंडावर दुसरीकडे कुठे पाहिली नाही. एकदा त्याने क्लबच्या पिस्तुलात चुकून लोखंडी सळई घातली होती, म्हणून सेक्रेटरीने त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. ते सगळ्यांच्या लक्षात होतं. माझ्याही.

मुद्द्यावर येते.

जेफ्रीचं पिस्तूल घरी आणलं तेव्हा नवरात्र होतं. सासूबाई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी पाटावर सगळं मांडलं — मकरंदचं ड्रिल, माझा लॅपटॉप, विळी, कात्री, गाडीची किल्ली. आणि मग मला म्हणाल्या, "अगं, घरात खरंखुरं शस्त्र आहे आणि ते पेटीत? पुजायचं काय मग, ही किल्ली?" मी म्हटलं, आई, ते दुसऱ्याचं आहे. त्या म्हणाल्या, "मग तर करायलाच हवी. परक्याची वस्तू आहे, नीट जपली जावी म्हणून."

मला 'नको' म्हणता आलं असतं. पण खरं सांगू? मला आवडलंही. दरवर्षी लॅपटॉपला हळद-कुंकू लावताना जरा खोटंच वाटायचं. यंदा खंडेनवमीला पुजायला हत्यार होतं आणि ते माझं होतं, होणार होतं. मी पेटी उघडली, ते रिकामं आहे याची खात्री केली आणि लॅपटॉपला टेकवून उभं ठेवलं. नळीचं तोंड वर करून. जेफ्रीने मला पहिल्या दिवशी जे शिकवलं असेल नसेल, त्यातलं काही त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. सासूबाईंनी मुठीला कुंकू लावलं, परसातली डेलिया वाहिली, आणि अक्षता टाकल्या. चांगल्या मूठभर. ओल्या कुंकवातल्या.

मूठ मी पुसली, अक्षता झटकल्या, पिस्तूल पेटीत ठेवलं. सोमवारी क्लबला जायच्या आधी सवयीने नळी दिव्यासमोर धरली, तर आत उजेड नाही. मध्येच काहीतरी लालसर. तांदूळ. एक की दोन, कळेना. फुंकर मारली, आपटलं, हलवलं. ओल्या कुंकवाने तो दोन दिवसांत आत घट्ट चिकटून बसला होता.

आता इथे कुणीही शहाण्या माणसाने काय केलं असतं? पेटी बंद करून क्लबला जाऊन सांगितलं असतं, बाबा रे, असं असं झालंय. जेफ्री हसलाही असता कदाचित. त्याच्याकडे लाकडी काडी होती या कामासाठी, मी पाहिली होती. दोन मिनिटांचं काम. पण मला त्याला पूजा समजावून सांगायची नव्हती. तुझ्या पिस्तुलाला आम्ही कुंकू लावलं, फूल वाहिलं, तांदूळ टाकले — हे इंग्लिशमध्ये म्हणून बघा. मी मनात म्हणून बघितलं आणि मला लाज वाटली. सासूबाईंची वाटली, पाटाची वाटली, माझी वाटली. ही पहिली गोष्ट, जिची मला अजून शरम आहे.

मग मी ड्रॉवरमधून कबाबची सळई काढली. स्टीलची. नळीच्या तोंडातून आत घातली आणि टोचलं. तांदळाचा एक तुकडा पडला. मग दुसरा. उरलेला निघेना, म्हणून सळई फिरवली, जोर लावून, आणि आत करकर आवाज आला. तो कसला आवाज आहे हे मला तेव्हाच कळलं. नळीच्या आत पिळाच्या बारीक रेषा असतात, छर्रा त्यांच्या आधाराने सरळ जातो. त्यांना ओरखडा गेला की पिस्तूल संपलं. हे मी लोकांना सांगते ना, तेच. मी सळई काढली, नळी परत दिव्यासमोर धरली. उजेड आरपार दिसत होता. ओरखडे मला दिसले नाहीत — की मी नीट बघितलं नाही? मी टेस्टर आहे. मला कुठे बघायचं नसतं ते मला बरोबर कळतं.

सळई धुऊन परत ड्रॉवरमध्ये ठेवली. सासूबाई म्हणाल्या, काय करतेस गं? म्हटलं, काही नाही.

क्लबात गेल्यावर मी त्या पिस्तुलाने एकही छर्रा मारला नाही. हे मी आजवर स्वतःशीही नीट उच्चारलेलं नाही, म्हणून सावकाश सांगते. संदीप आला, मी पेटी उघडली आणि म्हटलं, "मार तू आधी, बघ कसं वाटतं." तो हरखला. जेफ्रीच्या पिस्तुलाला हात लावायला मिळणार म्हणून त्याने हात पँटला पुसले. हे मी प्रेमाने केलं का? त्याला आनंद व्हावा म्हणून? इतकी वर्षं मी स्वतःला तसंच सांगत आले. पण मला बघायचं होतं की ते बिघडलंय का, आणि बिघडलं असेल तर ते माझ्या हातात नसावं. एवढं साधं आहे ते.

त्याचे छर्रे सगळीकडे गेले. कुणाला काही वाटलं नाही, संदीपचे जातातच. मग चहाच्या वेळी तो नेहमीसारखा टेबलाशी बसून नळी साफ करायला लागला. ब्रश आत अडकला, त्याने जरा जोर लावला. तेवढ्यात जेफ्री आला, पिस्तूल घेतलं, स्टँडवर टेकवून पाच मारले. टेकवून मारलं की हाताच्या थरथरीचा प्रश्न नसतो. पाचही वेगवेगळ्या दिशांना. त्याने परत पाच मारले. मग बारीक टॉर्च काढला आणि नळीच्या तोंडातून आत बघत राहिला, खूप वेळ.

त्याने आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, यात लोखंड कुणी घातलं. सगळ्यांनी संदीपकडे पाहिलं. संदीप म्हणाला, मी नाही, ब्रशच होता. सेक्रेटरीने मान हलवली, मागच्या वेळीही तू असंच म्हणाला होतास या अर्थाने. मग जेफ्री माझ्याकडे वळला. घरी होतं तेव्हा ठीक होतं ना, वैशाली?

मी म्हटलं, "परफेक्टली फाइन."

दोन शब्द. त्यापुढे कुणी मला काहीही विचारलं नाही. मला वाटलं होतं कुणीतरी विचारेल, कधी बघितलंस, कसं बघितलंस, शेवटचं कधी मारलंस. माझ्या ऑफिसात एवढ्यावर कुणी माझं ऐकून घेतलं नसतं. पण मी जेफ्रीची आवडती होते आणि संदीप धांदरट होता, सगळ्यांना हिशेब पटला.

पुढचं ऐका. संदीप अजून पाचेक मिनिटं नाही-नाही म्हणत होता. मग त्याचा आवाज उतरला. ब्रश अडकला होता खरा, तो म्हणाला. मी जोर लावला. दांडी लोखंडी असते ना त्याची — कदाचित — मला कळलं नसेल. आणि बघता बघता, माझ्या डोळ्यांदेखत, त्या माणसाला पटलं की आपणच केलं. तो ब्रश कशाला अडकला होता? माझ्याच उरलेल्या तांदळाला किंवा माझ्याच ओरखड्याला. त्याने जेफ्रीची माफी मागितली. भरून देतो म्हणाला. जेफ्री नको म्हणाला. त्या जातीच्या नळ्या आता बनत नाहीत, भरून काय देणार. त्याने पिस्तूल पेटीत ठेवलं, दोन्ही कड्या लावल्या आणि त्या दिवशी चहा न घेता गेला.

संदीपला घरी मीच सोडायचे. बीस्टनला त्याच्या घरासमोर गाडी थांबवली तर तो उतरेना. म्हणाला, "ताई, माझ्या हाताला काही टिकतच नाही. तुमचं होणारं पिस्तूल होतं ते. तुमचंही नुकसान केलं मी." आणि रडायला लागला, छत्तीस वर्षांचा माणूस. त्या वेळी सांगायला काय लागलं असतं? गाडीत आम्ही दोघंच होतो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, होतं रे असं. मनाला लावून घेऊ नकोस. मी तुला काही म्हणतेय का?

मी त्याला माफ केलं. कळतंय ना तुम्हाला? मी त्याला माफ केलं, आणि त्याने मला थँक यू म्हटलं.

नंतर तो दोन सोमवार आला आणि मग बंद झाला. काम खूप आहे म्हणाला. मी आग्रह केला नाही, तो समोर नसला की मला सोपं जायचं. वर्षाच्या आत त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि तो नागपूरला परत गेला. जेफ्रीने मला दुसरं पिस्तूल निवडून दिलं, त्याच बजेटात, तीन महिने शोधून. मग मला शिकवायलाही लागला. काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्याच्या, स्पर्धेत मला मेडल मिळालं तेव्हा मकरंदपेक्षा तोच जास्त खूश होता. संदीपचा विषय निघाला की म्हणायचा, माणूस चांगला, हात जड. मी मान हलवायचे. एकदाही मान हलवायची चुकले नाही. जेफ्री गेला त्याला आता दोन वर्षं झाली.

आणि गेल्या महिन्यात संदीपचा फोन. मुलगी चौदा वर्षांची झाली, ओवी तिचं नाव. शाळेत नेमबाजी सुरू झालीय, कोच म्हणतात हिचा हात स्थिर आहे, स्वतःचं एअर पिस्तूल घ्या. बजेट मध्यम आहे. "ताई, पहिलं कुठलं घ्यावं? तुमच्याशिवाय कुणाला विचारू?" मी सगळं सांगितलं. नवं-जुनं, वजन, ट्रिगर, नळी. तो लिहून घेत होता, मला पेनाचा आवाज येत होता. मग म्हणाला, दुकानात मेहुणा जाईल, मी नाही जाणार. रेंजवर तिला सोडायला जातो तेव्हाही बाहेरच थांबतो. "मी हात नाही लावत ताई आता. आपला हात आपल्याला माहीत असतो." सहज म्हणाला, हसत. तिचा खेळ सुरू होऊन वर्ष झालंय आणि त्याने तिला एकदाही मारताना पाहिलेलं नाही.

तो म्हणाला, थांबा, ओवीला देतो, तिला काहीतरी विचारायचंय. मुलगी धीट आहे, छान स्पष्ट बोलते. नमस्कार-चमत्कार न करता तिने सरळ विचारलं, "आत्या, बाबांनी खरंच तिकडे कुणाचं पिस्तूल खराब केलं होतं का?"

मागे संदीप हसत होता. अगं, असं विचारतात का, म्हणत होता.

मी म्हटलं, "जुनंच होतं गं ते."

संदीप लांबून म्हणाला, बघ, ताई अजून मला सांभाळून घेतात.

मग मी ओवीला हात टेबलावर पसरायला लावला आणि ग्रिपसाठी पंजा कसा मोजायचा ते सांगितलं.